उपरी, परदेशी, परप्रांतीय : राजकीय मराठीतील काही शब्दांची चिकित्सा

राजकारणाची भाषा हा भाषाभ्यासाचा विषय आहे, ही गोष्ट आपल्या विभागांतून तत्त्वतः मान्य असली तरी प्रत्यक्षात तिच्याकडे फारसे कोणी वळत नाही. संतवाङ्मयातील शब्दकळा, बखरींचे गद्य, बोलींचे ध्वनिविशेष यांवर प्रबंध होतात. परंतु ज्या मराठीत निवडणुका लढविल्या जातात आणि जिच्यातून मोर्चांच्या घोषणा व वृत्तपत्रांची शीर्षके घडतात, ती मराठी जणू अभ्यासाच्या योग्यतेचीच नाही असे आपण धरून चालतो. प्रस्तुत लेखात या मराठीतील मोजक्या शब्दांची चिकित्सा करावयाची आहे. दुसऱ्या मुलुखातून पोटासाठी आलेल्या माणसाला आपण काय म्हणतो, याविषयीचे हे शब्द होत. विवेचनासाठी मी नजरेसमोर ठेवला आहे तो शिरूर आणि दौंड तालुक्यांचा, त्यातही तळेगाव ढमढेरे या गावाच्या आसपासचा परिसर. वेळ नदीकाठच्या या जुन्या गावापासून शिक्रापूर, सणसवाडी आणि रांजणगाव येथील कारखाने दूर नाहीत. त्यामुळे ज्या शब्दांचा ऊहापोह एरवी मुंबईच्या संदर्भात होतो, ते शब्द येथे रोजच्या बोलण्यात ऐकावयास मिळतात.

प्रथम एका विसंगतीकडे लक्ष वेधतो. १९६८ च्या एप्रिलमध्ये इनॉक पॉवेल यांनी बर्मिंगहॅम येथे केलेले भाषण, १९७२ मध्ये युगांडातून झालेली आशियाई लोकांची हकालपट्टी, १९८७ मध्ये अमेरिकेतील जर्सी सिटीत भारतीयांवर झालेले हल्ले, २०१७ च्या फेब्रुवारीत कॅन्सस राज्यात झालेली भारतीय अभियंत्याची हत्या, यांविषयी मराठीत लिहिताना ‘वंशद्वेष’ किंवा ‘वर्णद्वेष’ हा शब्द लेखणीला कोठेही अडत नाही. आता २००८ साल घ्या. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत मुंबई, नाशिक आदी ठिकाणी उत्तर भारतीय टॅक्सीचालक, फेरीवाले आणि मजूर यांना मारहाण झाली. ऑक्टोबरात रेल्वेभरतीच्या परीक्षेसाठी मुंबईत आलेल्या उमेदवारांना मारहाण झाली. या प्रसंगांसाठी मराठीत जे शब्द पुढे आले ते ‘आंदोलन’, ‘अस्मिता’, ‘दणका’, आणि पुढे रूढ झालेला ‘खळ्ळ-खट्याक’. या शेवटच्या शब्दाकडे अभ्यासकाने अवश्य पाहावे. तो ध्वन्यनुकारी आहे. त्याला कर्ता नाही, कर्म नाही. काच फुटल्याचा आवाज तेवढा त्यात ऐकू येतो. काचेपलीकडे बसलेला माणूस वाक्यातून पूर्णपणे गळून गेलेला असतो. मराठीचे ध्वन्यनुकारी भांडार मोठे समृद्ध आहे, याचा आपण नेहमी अभिमान बाळगतो. त्याचा असाही उपयोग होऊ शकतो, हे व्याकरणकारांच्या ध्यानी आले नसावे.

यावर असा आक्षेप येईल की, पॉवेल यांच्या भाषणातील भेद वंशाचा होता, आपल्याकडील भेद भाषेचा आणि प्रांताचा आहे. दोहोंना एक नाव देणे शास्त्रशुद्ध नव्हे. आक्षेप विचारार्ह आहे. पण ‘वंश’ हा शब्द जीवशास्त्रीय अर्थाने वापरण्याचे दिवस केव्हाच संपले. संयुक्त राष्ट्रांच्या १९६५ च्या वंशभेदनिर्मूलनविषयक कराराने आपल्या व्याख्येत वंश आणि वर्ण यांच्या जोडीस कुळ आणि राष्ट्रीय वा वांशिक मूळ यांचाही समावेश केला. त्यातील ‘कुळ’ हा घटक भारताच्याच सूचनेवरून आला आणि १९६८ मध्ये भारताने त्या करारास मान्यता दिली. भारतीय संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान हे शब्द एकाच ओळीत येतात. ही ओळ लिहिणाऱ्यांना या पाच गोष्टी एकजातीय वाटत नव्हत्या. परंतु या पाचही बाबतींत माणसाला त्याच्या जन्मावरून ओळखले जाते, हे त्यांनी अचूक हेरले होते.

‘वंश’ या कल्पनेशी मराठी विद्वत्तेचा एकदा अगदी समोरासमोर संबंध आला होता, तो येथे नोंदविला पाहिजे. इरावती कर्वे १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या आणि ऑयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी मानवी कवटीच्या असममितीवर प्रबंध लिहिला. युरोपीयांच्या कवटीची रचना त्यांच्या बौद्धिक श्रेष्ठत्वाशी निगडित आहे, असा फिशर यांचा सिद्धांत होता. कर्वे यांनी कवट्या मोजल्या आणि असममितीचा वंशाशी असा संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष मांडला. मार्गदर्शकाच्या आवडत्या सिद्धांताविरुद्ध, परक्या देशात, एका परदेशी विद्यार्थिनीने हे लिहिले होते. पुढे काही वर्षांतच फिशर यांची संस्था नाझी वंशधोरणाच्या सेवेस लागली, हे लक्षात घेतले म्हणजे या निष्कर्षाचे मोल कळते. पुण्यास परतल्यावर डेक्कन कॉलेजात असताना इरावतीबाईंनी महाराष्ट्रातील जातींची शारीरिक मोजमापे पुष्कळ वर्षे चालू ठेवली. हातातील साधन बर्लिनचेच राहिले होते. ते टाकून देणे त्यांनाही जमले नाही, असे मला वाटते. तथापि बर्लिनमध्ये जे नाकारावयाचे होते ते त्यांनी नाकारले होते.

मग भाषेच्या अभ्यासकाने वंशवाचक शब्द ओळखावा कसा? माझ्या मते कसोटी अशी असावी : ज्या नावातून त्या माणसाला आपल्या वागणुकीने, श्रमाने अथवा वास्तव्याच्या काळाने बाहेर पडता येत नाही, ते नाव वंशवाचक. शब्दाचा कोशातील अर्थ काय आहे, यापेक्षा त्या शब्दाला दार आहे की नाही, हे पाहावे. या कसोटीवर आता आपले शब्द घासून पाहू.

जुन्या महसुली मराठीत ‘उपरी’ हा शब्द आहे. गावातील वतनी जमीन धारण करणारा तो ‘मिरासदार’ किंवा ‘थळकरी’. ज्याची जमीन वतनी नाही, जो बहुधा दुसऱ्या गावाहून येऊन पडीक वा सरकारी जमीन कसतो, तो ‘उपरी’. एल्फिन्स्टन यांच्या १८१९ च्या अहवालात आणि टॉमस कोट्स यांनी पुण्याजवळच्या लोणी गावाविषयी त्याच सुमारास लिहिलेल्या वृत्तांतात हा भेद आलेला आहे. उपऱ्याला गावच्या मानपानात मिरासदाराची बरोबरी नव्हती, हे खरे. पण दुष्काळाने वा लष्कराच्या येण्याजाण्याने ओस पडलेले गाव पुन्हा वसवावयाचे तर उपऱ्यावाचून गत्यंतर नसे. म्हणून त्याला कौल दिला जाई आणि इस्ताव्याने जमीन लावून दिली जाई. पहिल्या वर्षी सारा हलका, मग दरसाल थोडा चढता, आणि ठरलेल्या मुदतीअखेर पुरता. ‘इस्तावा’ हा शब्द आज कोणाच्या बोलण्यात नाही. नवख्याला उभे राहावयास वेळ लागतो, ही जाणीव त्या व्यवस्थेने हिशेबाच्या वहीत धरलेली होती. उपऱ्याला पुढे मिरास विकत घेता येई. गोताच्या साक्षीने मिरासपत्र होई, आणि त्याचा मुलगा थळकरी म्हणवून घेई. अर्थात ‘उपरी’ ही स्थिती होती, आणि तिला दार होते.

यावरून जुन्या गावगाड्याची आरती ओवाळण्याचे कारण नाही. ज्याच्या वतनाची मुळे गावाइतकीच खोल होती, गावच्या शिवेच्या तंट्यात ज्याची साक्ष निर्णायक मानली जाई, तो महार वेशीबाहेरच राहत होता. दुसऱ्या गावचा कुणबी काही वर्षांत आत येऊ शके. पिढ्यान्‌पिढ्या त्याच मातीत राहिलेल्याला मात्र आत येण्याची सोय नव्हती. म्हणजे भूमीशी असलेले नाते हे आपलेपणाचे खरे प्रमाण त्याही काळी नव्हते. ‘उपरी’चा ‘उपरा’ झाला, महसुली अर्थ गळाला, आणि नुसता नकोसेपणा उरला. अर्थापकर्षाचे हे चांगले उदाहरण होय. १९८० मध्ये लक्ष्मण माने यांनी आपल्या आत्मकथनाला तेच नाव दिले, तेव्हा शब्दाचा हा सगळा प्रवास त्यात जमा झालेला होता.

आता ज्याला आपण अस्सल मराठीपणाची खूण समजतो त्या ‘-कर’ प्रत्ययाचा विचार करा. तळेगावात राहणाऱ्याला तळेगावात कोणी तळेगावकर म्हणत नाही. गाव सोडून दुसरीकडे गेल्यावरच ते नाव चिकटते आणि तेथेच ते टिकते. याचा अर्थ, ‘-कर’ लावणारे प्रत्येक आडनाव कोणीतरी, कधीतरी, आपले गाव सोडून परक्या ठिकाणी उपरा म्हणून राहिल्याचा दाखला आहे. (गावाची गोष्ट उलट असते. मावळातील तळेगाव दाभाड्यांच्या नावाने ओळखले जाते, शिरूर तालुक्यातील ढमढेऱ्यांच्या. माणसे गावाचे नाव घेऊन बाहेर पडतात आणि गावे माणसांचे नाव घेऊन जागी राहतात.) हा प्रत्यय महाराष्ट्राबाहेर किती दूर गेला, हेही पाहण्यासारखे आहे. सखाराम गणेश देऊस्कर यांचे घराणे मूळचे कोकणातील. त्यांनी आयुष्यभर बंगालीत लिहिले आणि त्यांच्या ‘देशेर कथा’ या १९०४ मधील ग्रंथाने बंगालमधील स्वदेशीच्या चळवळीला बळ दिले. बाबूराव विष्णू पराडकर काशीत जन्मले आणि ‘आज’ या पत्राचे संपादक म्हणून हिंदी गद्याच्या घडणीत त्यांनी मोलाचा वाटा उचलला. काका कालेलकर गुजरातीचे मान्य लेखक झाले. ‘-कर’ नसलेले उदाहरण हवे असेल तर द. रा. बेंद्रे यांचे घ्यावे : घरची भाषा मराठी, काव्य कन्नड, आणि त्यासाठी १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार. या चौघांच्या आडनावांवरून त्यांचे मूळ त्या त्या भाषेतील वाचकांना कळत नव्हते असे नाही. ते कळूनही त्या भाषांनी त्यांना आपले म्हटले. आपण त्यांचा गौरव करतो तो मराठी माणसाच्या कर्तृत्वाचा म्हणून. आश्रय देणाऱ्या भाषांच्या उदारतेचा उल्लेख त्यात सहसा येत नाही.

‘परदेशी’ या शब्दाला इकडे निराळा इतिहास आहे. उत्तरेकडून लष्करात, व्यापारात, चाकरीत आलेल्या कुटुंबांना हे नाव पडले आणि पुढे ते त्यांचे आडनाव झाले. आज महाराष्ट्रातील अनेक परदेशी कुटुंबांना मराठीवाचून दुसरी भाषा येत नाही. ‘परदेशी’ हे आडनाव ऐकताना त्याचा कोशगत अर्थ कोणाच्या मनात येत नाही. शब्द नाममात्र उरला आणि माणूस सुटला. या भागात तर याचे नवल वाटण्याचे कारणच नाही. तळेगाव ढमढेऱ्यापासून जवळच भीमेच्या काठी १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावची लढाई झाली. शिरूरच्या छावणीतून निघालेल्या कंपनीच्या तुकडीत महार शिपायांबरोबर इतर अनेक जातिधर्मांचे शिपाई आणि मद्रासच्या तोफखान्याचे गोलंदाज होते; पेशव्यांच्या बाजूने मराठे होते, गोसावी होते, अरबही होते. दौंडला १८७८ मध्ये मनमाडकडे जाणारा लोहमार्ग सुरू झाला आणि रेल्वेच्या नोकरीसाठी निरनिराळ्या मुलुखांतील माणसे तेथे येऊन स्थायिक झाली. ‘येथे पूर्वी आपलेच लोक होते’ हे वाक्य या दोन तालुक्यांत तरी इतिहासाच्या आधारावर उच्चारता येणार नाही.

या पार्श्वभूमीवर ‘परप्रांतीय’ हा शब्द पाहावा. ‘प्रांत’ ही ब्रिटिश कारभारातील घटना. २६ जानेवारी १९५० रोजी संविधान अमलात आले तेव्हा प्रांत संपले आणि राज्ये आली. कारभारातून गेलेला हा शब्द मराठीत दोन ठिकाणी उरला. एक, उपविभागीय अधिकाऱ्यास आपला शेतकरी अजूनही ‘प्रांत’ म्हणतो आणि जमिनीच्या दाव्यासाठी ‘प्रांताकडे’ जातो. दुसरे ठिकाण म्हणजे ‘परप्रांतीय’. ‘परराज्यीय’ असा शब्द कोणी चालविला नाही. कारण ‘राज्य’ म्हटले की कायद्याची, नागरिकत्वाची, संविधानाची आठवण होते, आणि नागरिकाला पर म्हणताना जीभ थोडी अडखळते. ‘प्रांत’ या मृत शब्दाला तसली आठवण नाही. राज्याचा अधिवासाचा नियम पंधरा वर्षांचे वास्तव्य पुरेसे मानतो. कायद्याने असे दार ठेवले आहे. शब्दाने ठेवलेले नाही. शिक्रापुरात वीस वर्षे राहिलेला सुतार परप्रांतीयच असतो आणि येथे जन्मलेली, येथल्याच शाळेत शिकलेली त्याची मुलगीही परप्रांतीयाची मुलगी असते. आपल्या कसोटीवर हा शब्द कोठे उतरतो ते उघड आहे.

दुसऱ्या भाषेतील ‘भाऊ’ मराठीने दोनदा घेतला. दक्षिणेकडून ‘अण्णा’ आला. त्याबरोबर ‘अक्का’ आणि ‘आप्पा’ही आले. ते थेट माजघरात गेले आणि घरातील वडीलधाऱ्यांची नावे झाले. उत्तरेकडून ‘भैया’ आला. विदर्भ-खानदेशात तो लाडके नाव म्हणून घरात शिरला हे खरे, आणि ‘भैयासाहेब’ हे आदराचे संबोधनही आहे. परंतु पुण्या-मुंबईच्या बोलण्यात तो दुधाच्या किटलीसह दारातच थांबला. प्रथम धंद्याचे नाव, मग मुलुखाचे नाव, आणि अखेर शिवी, असा त्याचा अर्थ उतरत गेला. गंमत अशी की, कोकणातून मुंबईला जाऊन तोच एकलकोंडा संसार करणाऱ्या, तशाच दाटीच्या खोलीत राहणाऱ्या, गावी तशीच मनीऑर्डर पाठविणाऱ्या आपल्या माणसाला मराठीने ‘चाकरमानी’ म्हटले. त्या शब्दात माया आहे आणि गणपतीला परत येण्याची वाटही आहे.

पूर्वजांनी माजघरात घेतलेल्या ‘अण्णा’च्या वाट्याला मात्र पुढे निराळे दिवस आले. १९६० मध्ये सुरू झालेल्या ‘मार्मिक’ या व्यंगचित्र-साप्ताहिकाने मुंबईतील कार्यालयांतील अमराठी अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या ‘वाचा आणि थंड बसा’ या मथळ्याखाली छापल्या; १९ जून १९६६ रोजी शिवसेनेची स्थापना झाली, ती याच वातावरणात. त्या काळच्या मराठी तरुणाची तक्रार खोटी होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. राज्य १९६० मध्ये मिळाले होते. १९६१ च्या जनगणनेत बृहन्मुंबईतील मराठी भाषकांचे प्रमाण सुमारे ४३ टक्के होते. कारकुनी आणि लघुलेखनाच्या नोकऱ्यांत दाक्षिणात्यांशी स्पर्धा होती. मेरी कॅट्झेनस्टाइन आणि दीपंकर गुप्ता यांच्या अभ्यासांत या आर्थिक बाजूचे विवेचन आहे. प्रश्न तक्रारीच्या खरेपणाचा नाही, तिच्या मांडणीचा आहे. यादीत पुरावा म्हणून काय होते? फक्त आडनावे. त्या माणसाने नोकरी कशी मिळविली, तो मुंबईत कधीपासून होता, त्याला मराठी येत होते की नाही, यांपैकी काहीही त्या यादीत मावत नव्हते. आडनाव वाचताच निकाल लागावा, अशी वाचकाला लावलेली ही सवय त्या काळच्या कोणत्याही घोषणेपेक्षा अधिक टिकली.

‘लोंढा’ या शब्दाविषयी थोडक्यात. माणसे मोजता येतात, लोंढा मोजता येत नाही. शिवाय लोंढ्याला कोणी बोलावीत नाही. तो आपोआप येतो आणि त्याला बांध घालावा लागतो. प्रत्यक्षात या परिसरात येणारा मजूर मुकादमाने किंवा ठेकेदाराने आणलेला असतो, त्याने पुष्कळदा उचल घेतलेली असते आणि त्याची गरज कोणत्या तरी कारखानदाराने कळविलेली असते. ‘लोंढा’ म्हणताच मुकादम, ठेकेदार आणि कारखानदार हे तिघेही वाक्याबाहेर जातात.

सर्वांत अवघड शब्द ‘भूमिपुत्र’. संस्कृतातून मलय भाषेत गेलेल्या याच शब्दावर मलेशियाने १९७१ पासून आपले आर्थिक धोरण उभे केले. आपल्याकडील राजकारणाचा अभ्यास करताना मायरन वीनर यांनी १९७८ मधील आपल्या ग्रंथाला याच अर्थाचे नाव दिले. पण मराठीत या शब्दाला दोन अर्थ आहेत आणि त्यांची सरमिसळ हेच त्याचे राजकीय सामर्थ्य आहे. रांजणगावच्या औद्योगिक क्षेत्रासाठी ज्याची जमीन गेली तो शेतकरी कारखान्याच्या फाटकाशी उभा राहून ‘आम्ही भूमिपुत्र आहोत, आम्हाला काम द्या’ म्हणतो, तेव्हा तो शब्द अक्षरशः खरा असतो. त्याने भूमी दिलेली आहे. त्याचा दावा एका व्यवहारातून उत्पन्न झाला आहे आणि तो शासनावर व कारखान्यावर आहे. तोच शब्द सभेच्या व्यासपीठावर गेला की ‘महाराष्ट्रात जन्मलेला मराठी’ असा अर्थ धारण करतो. मग दावा व्यवहाराचा न राहता जन्माचा होतो आणि ज्याच्यावर तो करावयाचा तो पक्षही बदलतो. कारखान्याच्या ठिकाणी शेजारच्या खोलीत भाड्याने राहणारा बिहारचा वा ओडिशाचा कंत्राटी कामगार येतो. त्या कामगाराला कायम न करता कमी मजुरीवर ठेवणे ज्याला सोयीचे आहे, त्याचे नाव या दुसऱ्या अर्थात कोठेही उच्चारावे लागत नाही. जमीन गेल्यावर उरलेल्या तुकड्यावर खोल्या बांधून त्याच कामगाराच्या भाड्यावर घर चालविणारे भूमिपुत्रही या पट्ट्यात थोडे नाहीत. परप्रांतीयांविरुद्धच्या सभेला ते जातात आणि महिनाअखेर भाडेही घेतात. मी त्यांना ढोंगी म्हणणार नाही. त्यांची पहिल्या अर्थाची तक्रार खरी आहे, आणि ती मांडण्यासाठी त्यांना दुसऱ्या अर्थाचीच भाषा उपलब्ध करून दिली गेली आहे.

दुसरा अर्थ मनापासून मानला जात असता तर त्याचा पहिला लाभ कोणाला व्हावयास हवा होता? शिरूर-दौंडच्या माळरानांवर पिढ्यान्‌पिढ्या वावरलेल्या पारध्याला. त्याची घरची बोली गुजरातीशी निकट नाते सांगणारी असली तरी मराठी तो आपल्याइतकीच सहज बोलतो, आणि त्याचा जन्म येथलाच. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून गुन्हेगार ठरविण्याची जी पद्धत सुरू केली, तिच्या कक्षेत पारधीही आले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. गावोगावचा संशय त्याबरोबर रद्द झाला नाही. चोरी झाली की चौकशी कोणाच्या पालावर जाते, हे या भागातील वाचकांना सांगावयास नको. बीड-नगरकडून दौंड-शिरूरच्या साखर कारखान्यांवर येणारा ऊसतोड मजूरही मराठीच बोलतो. हंगामभर तो गावाबाहेर कोपीत राहतो आणि त्याच्या मुलांची शाळा बुडते. भूमिपुत्रांच्या कोणत्याही सभेत या दोघांना पुढे बसविल्याचे माझ्या पाहण्यात नाही. तेव्हा भूमी आणि भाषा या निकषांचा जेवढा उच्चार होतो तेवढा त्यांचा वापर होत नाही, असे म्हणावे लागते.

ज्यांची मराठीशी वा मातीशी तुलनाच करावयाची नसते त्यांच्या बाबतीत तर चेहराच पुरतो. २०१२ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात ईशान्येकडील विद्यार्थ्यांवर आणि कामगारांवर हल्ले झाले आणि भयाने अनेकांनी शहर सोडले. त्यांना उद्देशून वापरला जाणारा शब्द सर्वांना ठाऊक आहे. तो छापण्याची आवश्यकता नाही.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि हीच माणसे रस्त्यांनी चालू लागली, तेव्हा मराठी वृत्तपत्रांत ‘परप्रांतीय मजूर’ आणि ‘स्थलांतरित मजूर’ हे दोन शब्द शेजारी शेजारी छापले जात होते. ८ मे २०२० रोजी करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली मरण पावले. ते मध्य प्रदेशातील आपल्या गावी निघाले होते. ‘स्थलांतरित’ हा शब्द कृतीवरून बनलेला आहे. जो गेला तो स्थलांतरित, आणि जो स्थिरावला तो उरला नाही. दार असलेला शब्द म्हणून त्याचे स्वागत केले पाहिजे, जरी तो कार्यालयीन आणि थोडा कोरडा असला तरी.

मराठीच्या रक्षणासाठी हे सारे चालते, असे सांगितले जाते, म्हणून शेवटी भाषेविषयी. एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी सक्तीची करणारा शासननिर्णय निघाला. विरोध झाला आणि जूनअखेर तो मागे घेण्यात आला. तो विरोध मला योग्य वाटतो. बालकाच्या भाषिक विकासाचा, मातृभाषेतील शिक्षणाचा आणि राज्याच्या अधिकाराचा तो प्रश्न होता आणि तो ज्याच्याकडे न्यावयाचा त्या शासनाकडे नेला गेला. परंतु त्याच दिवसांत मीरा रोड येथे मराठी बोलत नाही म्हणून एका दुकानदारास मारहाण झाली आणि दोन्ही गोष्टी एकाच चळवळीच्या दोन बाजू म्हणून सांगितल्या गेल्या. भाषाशास्त्राच्या दृष्टीने त्या परस्परविरोधी आहेत. कोणत्याही भाषेला नवे भाषक दोनच मार्गांनी मिळतात : जन्माने आणि स्वीकाराने. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्याने भाषकांत एकाचीही भर पडलेली नाही. भर पडते आहे ती जिल्हा परिषदेच्या शाळांतून, जेथे घरी भोजपुरी, ओडिया वा हिंदी बोलणारी मुले मराठी माध्यमात शिकत आहेत.

या मुलांच्या मराठीत अभ्यासकाने काय पाहावे, हे विभागातील विद्यार्थ्यांसाठी सुचवितो. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा भेद आहे : पहिल्यात ऐकणारा वगळला जातो, दुसऱ्यात तो सामावला जातो. प्रमाण हिंदीतील ‘हम’मध्ये हा भेद नाही. मराठीतील हा भेद द्राविडी भाषांच्या सान्निध्यातून आला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे ‘आम्ही’ म्हणून परक्याला वगळण्याची सोयही आपण शेजाऱ्याकडूनच घेतली. राजकीय वक्ते या दोन सर्वनामांत किती सफाईने ये-जा करतात, हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे. तूर्त मुलांकडे पाहावे. तळेगाव ढमढेरे, शिक्रापूर आणि सणसवाडी येथील शाळांतून, पालकांची व शिक्षकांची संमती घेऊन, अशा मुलांच्या बोलण्याचे ध्वनिमुद्रण करावे, आणि गावच्या यात्रेविषयी, नदीविषयी, शाळेच्या कबड्डीच्या संघाविषयी बोलताना ती ‘तुमची’ म्हणतात, ‘आमची’ म्हणतात की ‘आपली’, आणि हा बदल कितव्या इयत्तेत होतो, याची वर्गवार नोंद ठेवावी. वर्गातील इतर मुले त्यांच्याशी बोलताना कोणते सर्वनाम वापरतात, तीही नोंद त्याच वहीत, समोरच्या रकान्यात असावी.